काकूंचा उजवा अंगठा

दिवा जरा अलीकडे ओढा, म्हणजे मला तुमचं तोंड दिसेल. तोंड दिसत नसलेल्या माणसाला मी हे सांगत नाही. तुम्ही सहज विचारलंत, की गेलेल्या माणसाचं यंत्र दुरुस्तीला आलं तर त्यातलं काही बघता का म्हणून. नाही बघत. पूर्वी बघायचे, आणि आवडीने बघायचे, कारण दुसऱ्याच्या मेमरी कार्डात डोकावण्यात एक मजा असते. ड्रायव्हरकाकांनंतर ते बंद केलं.

त्या दुपारी ते आले होते नुसती बॅटरी बदलून घ्यायला.

पण आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. हातात धरून खेळायची ती छोटी गेमची यंत्रं असतात ना, ती मी मोकळी करते. कंपनी यंत्र विकते आणि काही वर्षांनी त्याच्याकडे पाठ फिरवते. नवे गेम येत नाहीत, जुने चालत नाहीत. मग लोक जिना उतरून माझ्या या तळघरात येतात. मी त्यांच्या कार्डावर दुसरी सिस्टिम चढवते, हौशी लोकांनी लिहिलेली, फुकटातली. तिच्यात इम्युलेटर टाकते. इम्युलेटर म्हणजे सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. तो यंत्राला पटवून देतो की तू हे यंत्र नाहीसच, तू ते फार जुनं, टीव्हीला जोडायचं यंत्र आहेस. यंत्र बिचारं भोळं, त्याला पटतं, आणि कुठेही न मिळणारे गेम त्यावर सुरू होतात. वर चपलांचं दुकान आहे, त्यांच्यापेक्षा माझ्याकडे गर्दी जास्त असते, आणि ते चपलावाल्याला खुपतं.

ड्रायव्हरकाकांनी उभं आयुष्य ट्रक चालवला. चार दिवस घरी, वीस दिवस रस्त्यावर. काकू दारात उभ्या राहून निरोप द्यायच्या आणि दारात उभ्या राहून वाट बघायच्या. मूलबाळ नव्हतं. काका कामातून मोकळे झाले, आता दोघं निवांत राहू म्हणाले, आणि वर्षाच्या आतच काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय पुढे थोडा सुधारला, बोलणं सुधारलं, हात मात्र हट्टाला पेटल्यासारखा बसून राहिला. तेव्हा हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सुचवलं की यांना असं एखादं गेमचं यंत्र द्या. डावा अंगठा चालतोच आहे, उजव्यालाही कामाला लावू.

तसे काका-काकू पहिल्यांदा माझ्याकडे आले होते. मी त्यांना एक जुना, साधा गेम काढून दिला. मारामारी नाही, पळापळ नाही. एक मोठं घर, छप्पर काढून वरून बघावं तसं दिसणारं, सगळीकडे अंधार. त्यात बोटभर उंचीची एक बाई हातात कंदील घेऊन फिरते. डाव्या अंगठ्याने तिला चालवायचं, उजव्या बटणाने कंदील वर उचलायचा. उचलला की खोली उजळते. सगळ्या खोल्या उजळून झाल्या की अंगणातल्या फाटकापाशी जायचं. फाटकाला दोन कड्या. डावीकडचं आणि उजवीकडचं बटण एकाच वेळी दाबून धरलं की फाटक उघडतं, बाई बाहेर पडते, गेम संपतो.

काकू खोल्या उजळायला शिकल्या. उजवा अंगठा उशिराने यायचा, पण यायचा. फाटक मात्र त्यांना कधीच उघडता आलं नाही. उजवीकडे जीव एकवटला की डावा अंगठा सुटायचा, डावा धरून ठेवला की उजवा हलायचा नाही. व्यायामाच्या बाई म्हणायच्या, "ज्या दिवशी फाटक उघडेल त्या दिवशी माझी सुट्टी." काकू हसून म्हणायच्या, "मग तुम्ही आता माझ्याकडेच राहायला या."

बाईंना अंगठा किती सुधारला ते बघायचं असायचं, म्हणून मी इम्युलेटरमध्ये एक सोय चालू करून दिली होती. खेळाची नोंद. ही नोंद कशी असते ते नीट ऐका. त्यात चित्र नसतं, आवाज नसतो. कुठलं बटण कधी दाबलं आणि कधी सोडलं, एवढंच असतं. नुसती बोटं. ती नोंद पुन्हा लावली की यंत्र गेम पहिल्यापासून सुरू करतं आणि ती बटणं त्या त्या क्षणी दाबली गेली असं समजतं. गेम तोच, सुरुवात तीच, बोटं तीच, त्यामुळे सगळं हुबेहूब घडतं. स्क्रीनच्या खाली एक पट्टी असते, तिच्यात दाबलेलं बटण पेटतं. काकूंचा अंगठा त्या पट्टीत दिसायचा, उशिरा पेटणारा.

एका सकाळी काका पाव आणायला खाली गेले. परत आले तर काकू खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर यंत्र, मान कलती. डॉक्टर म्हणाले, झोपेत जावं तशा गेल्या. डॉक्टर असंच म्हणतात हे काकांना माहीत होतं.

तर त्या दुपारी ते आले, महिन्याभराची दाढी वाढलेली. यंत्र काउंटरवर ठेवून म्हणाले, "पोरी, हे फुगलंय बघ." माझे केस पिकायला लागले, तरी काकांच्या लेखी मी पोरच. बॅटरी खरोखर फुगली होती, पाठीचं झाकण उचललं गेलं होतं.

"काका, हे चालू करायला नको. दुसरं असंच यंत्र आहे माझ्याकडे, कार्ड त्यात घालून देते."

"त्यात तिचं सगळं येईल?"

"कार्डात आहे तेवढं सगळं येईल."

त्यांनी यंत्राच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्या दिवशीचंसुद्धा असेल ना? बटणांचं?"

मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत नव्हते, काउंटरच्या काचेकडे बघत होते.

"मला एवढंच बघायचंय," ते म्हणाले, "की मी गेल्यावर ती किती वेळ होती. पाववाल्याकडे मला माझ्या ट्रकवरचा एक जुना क्लीनर भेटला. बोलत उभा राहिलो. आता तेच डोक्यात फिरतंय. तिने हाक मारली असेल, दाराकडे बघत बसली असेल... आयुष्यभर तेच केलं तिने. शेवटीही तेच केलं असलं तर मला ते माहीत असायला हवं."

त्यांना नाही म्हणण्याइतकं माझं काळीज घट्ट नाही. मी कार्ड काढलं, दुसऱ्या यंत्रात घातलं. आणि इथे माझ्या हातून ती गोष्ट झाली. या धंद्यातला माणूस कुठलंही यंत्र हातात घेतलं की आधी सगळं नवं चढवतो. सिस्टिम नवी, इम्युलेटर नवा. श्वास घ्यावा तसं ते होतं. मीही चढवलं, आणि काकूंची शेवटची नोंद लावली.

घर दिसलं. कंदीलवाली बाई माजघरात उभी. खालच्या पट्टीत डावं बटण पेटलं, आणि काका एकदम पुढे सरकले. "हे तिचं बोट?"

"हो, काकूंचंच."

बाई चालायला लागली, दोन पावलं गेली आणि भिंतीवर आपटली. आपटतच राहिली. डोकं भिंतीला लावून जागच्या जागी पाय हलवत राहिली.

"असं कसं? तिला ते घर पाठ होतं," काका म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. जुन्या इम्युलेटरवरची नोंद नव्यावर लावली की असंच होतं. दोघांच्या चालीत केसाएवढा फरक असतो, पण तेवढ्याने सगळं चुकत जातं. बोटं त्या घरासाठी दाबलेली असतात आणि पायाखालचं घर वेगळं असतं. बटण म्हणतं दारातून वळ, पण दार दोन बोटं मागे राहिलेलं असतं. हे काकांना समजावून मी नोंद बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात ती बाई थांबली.

पट्टी विझली. बराच वेळ काही नाही. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग डावं बटण अगदी हलकं पेटलं आणि विझलं. बाई एक पाऊल मागे आली. पुन्हा पेटलं. ती भिंतीच्या कडेने सरकली. थांबली. सरकली. हाताने चाचपडत जावं तशी ती कोपऱ्यापर्यंत गेली, तिथून वळली आणि तिला दार सापडलं. दारात उभी राहून तिने कंदील वर उचलला. उजवं बटण उशिराने पेटलं, काकूंसारखंच.

नोंदीतली बोटं आंधळी असतात हो. जे दाबून झालं ते झालं, त्यांना पुढची भिंत दिसत नाही. दार शोधायचं तर आधी दार चुकलंय हे दिसावं लागतं.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही... प्रोग्रॅममधला बग असेल," मी म्हटलं आणि नोंद बंद केली.

त्यानंतर मी सगळं नीट केलं. जुना इम्युलेटर पुन्हा चढवला, काकूंच्या वेळचा तोच, आणि नोंद पहिल्यापासून लावली. आता बाई कुठे अडली नाही. माजघरातून कोठीत गेली, कोठीतून स्वयंपाकघरात. कंदील वर, कंदील खाली. काका तोंडातल्या तोंडात "हां... हां..." म्हणत होते. स्वयंपाकघराच्या मध्यावर बाई उभी राहिली. कंदील उचलला गेला नाही. पट्टी विझली ती विझलीच. मी नोंद भरभर पुढे पळवली. बाई हलली नाही. शेवटी नोंद संपली.

काका बोटांवर काही हिशेब करत बसले. त्यांनी स्वतःच तिच्या हातात यंत्र चालू करून दिलं होतं, मग चपला घातल्या, पिशवी शोधली. "म्हणजे तेव्हा मी..." ते म्हणाले, "मी जिन्यातच असेन. खालीसुद्धा पोचलो नसेन."

"नसालच पोचलात."

"म्हणजे नाही बघितली वाट तिने."

"नाही, काका."

ते हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. एवढा दांडगा माणूस, स्टिअरिंग ओढून ओढून खांदे बैलासारखे झालेले, आणि माझ्या स्टुलावर बसून मुलासारखा रडत होता. मलाही रडू आलं. वाटलं, माझ्या हातून आज एक चांगलं काम झालं. तिथेच दिवा मालवून दुकान बंद केलं असतं तर किती बरं झालं असतं.

डोळे पुसून काका म्हणाले, "मग मघाशी ते काय होतं?"

"कुठलं?"

"ती भिंत चाचपत गेली ते. ती तर इथवरच होती म्हणतेस ना? मघाशी पट्टी विझल्यावरही ती फिरत होती."

मी म्हटलं, नव्या इम्युलेटरवर नोंद चुकते, त्याला काही अर्थ नसतो. ते म्हणाले, मग एकदा पुन्हा चुकू दे. मी म्हटलं, नको. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नवा इम्युलेटर चढवला.

बाई पुन्हा भिंतीवर आपटली. पण या वेळी ती लवकर थांबली आणि उलट्या बाजूने गेली. नोंद तीच, प्रोग्रॅम तोच, यंत्र तेच. चुकली तरी नोंद दर वेळी एकसारखी चुकते. तशी ती चुकली नाही.

मग ती घरभर फिरली. एकेका खोलीत जायची, कंदील उचलायची, क्षणभर थांबायची आणि पुढच्या खोलीत जायची. उजळलेल्या खोल्यांत पुन्हा जायची. गेममध्ये त्याची गरजच नव्हती. स्वयंपाकघरात गेली, तिथे थांबली नाही. नोंद संपायची ती जागा येऊन गेली, कोपऱ्यात 'नोंद समाप्त' अशी अक्षरं आली आणि गेली. पट्टीत डावं बटण पेटतच होतं.

"मला शोधतेय," काका म्हणाले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, तळघरात एकटी बसून पोट भरते. पण त्या खोल्या बघून मला जे वाटलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. आपण नव्या इम्युलेटरवर दोनदा नोंद लावली आणि दोन्ही वेळा तिला अंधारात पहिल्यापासून चुकायला लावलं, असं वाटत होतं.

शेवटी ती अंगणात आली, फाटकापाशी. पट्टीत डावं बटण पेटलं. उजवं पेटलं नाही. डावं सुटलं. पुन्हा डावं. पुन्हा सुटलं. उजवीकडे एकदा अगदी पुसट काहीतरी लुकलुकलं, तोवर डावं सुटलेलं. हे कितीदा झालं ते मी मोजलं नाही. माझ्याच उजव्या अंगठ्याला कळ लागली.

"मी दाबू?" काकांनी हळूच विचारलं. "उजवं?"

"काका, नोंद लावलेली असताना बटण दाबलं की तिथून पुढे खेळ दाबणाऱ्याचा होतो. मागची बोटं तिथेच पुसली जातात. हे... जे काय आहे ते, परत लावता येणार नाही."

"म्हणजे ती जाईल."

"मला माहीत नाही. नोंद जाईल, एवढं माहीत आहे."

ते यंत्राकडे बघत राहिले. "तू शिकवलंस तेव्हा मलाही हे चालवून बघायला दिलं होतंस, आठवतं? सोळा चाकांचा ट्रक घाटातून उतरवणारा माणूस मी, आणि ही बोटभर बाई मला दोन पावलं चालवता आली नाही. ती किती हसली होती." ते थांबले. "दर वेळी मी निघायचो आणि ती दारात राहायची. आता ती दारात अडकलीये, पोरी. आणि मी नुसता बघत बसू होय?"

त्यांनी यंत्र हातात घेतलं. डावीकडे हात लावला नाही. उजवा अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवला आणि वाट बघितली. पट्टीत डावं बटण पेटलं. त्याच क्षणी काकांनी उजवं दाबलं.

दोन्ही बटणं एकदम पेटली. फाटक उघडलं.

काकांनी अंगठा काढला. यंत्र माझ्यासमोर काउंटरवर ठेवलं. कुणाचाही हात त्याला लागलेला नव्हता. बाई चालत बाहेर पडली आणि तिच्या मागे फाटक मिटलं. इथे गेम संपतो, बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकतात. ती आली नाहीत. बाई फाटकाबाहेर दोन पावलांवर थांबली, वळली आणि घराकडे तोंड करून उभी राहिली. पट्टी विझली.

"सुटली," काका म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सुटलेलं माणूस मागे वळून उभं राहत नाही, असं माझ्या मनात आलं होतं.

त्यांनी यंत्र घरी नेलं नाही. घरी वीज जाते-येते, तुझ्याकडे चालू राहील, म्हणाले. बंद मात्र करू नकोस. मी ते चार्जरला लावून बाकावर ठेवलं. पुढे रोज दुपारी काका यायचे, स्टूल ओढून यंत्रासमोर बसायचे. गिऱ्हाइकं असली तर गप्प बसत, नसली की तिच्याशी बोलत. आज नळाला पाणी नव्हतं. शेजारच्यांनी दार रंगवलं, रंग अगदीच भयाण. अशा साध्या गोष्टी. बाई तशीच उभी असायची, घराकडे तोंड करून, हातात कंदील. मी एकदा म्हटलं, "काका, आता बंद करू या का?" ते म्हणाले, "तिने माझ्यासाठी कधी दिवा बंद केला होता का?"

हळूहळू ते वाळत चालले. जेवण जात नाही म्हणायचे. झोप मात्र फार येते म्हणायचे, इतकी झोप उभ्या आयुष्यात घेतली नव्हती. "रात्रीचा ट्रक चालवणारा माणूस झोपेचा वैरी असतो," ते म्हणाले, "आता सगळी उधारी फिटतेय." डॉक्टरकडे चला म्हणून मी भांडले. जाऊ की, म्हणाले. ते जायचे नव्हतेच.

मग एका दुपारी ते आले नाहीत. फोन आला, "आज पडून राहतो जरा. तिला सांग." एवढंच.

मी एका यंत्राचं झाकण उघडून बसले होते. बाहेर ढग आले असावेत, कारण जिन्यातून येणारा थोडासा उजेडही गेला. आणि मला बाकावरून आवाज आला. गेममध्ये बाई भिंतीवर आपटली की एक बद्द आवाज येतो, जाड कापडावर बुक्की मारावी तसा. बद्द. थोड्या वेळाने पुन्हा, बद्द.

मी उठून बघितलं. बाई फाटकाबाहेर होती, जागची हललेली नव्हती. आवाज घरातून येत होता. सगळ्यात आतल्या खोलीत, जिथे कुणी नसायला हवं तिथे, एक अंधूक उजेड होता. त्या उजेडात कुणीतरी होतं. या गेममध्ये माणूस एकच आहे, मी तो प्रोग्रॅम ओळन् ओळ वाचलेला आहे. ते कुणीतरी भिंतीवर आपटत होतं, मागे येत होतं, पुन्हा त्याच भिंतीवर आपटत होतं. खालच्या पट्टीत बटणं वाटेल तशी पेटत होती, हा खेळ कधीच न जमलेल्या माणसाने दाबावीत तशी. सगळी चुकीची.

मी फोन लावला. वाजत राहिला. इकडे बद्द... बद्द... मी तोंडाने "उचला, उचला" म्हणत होते. पुन्हा लावला. किती तरी वेळाने फोन उचलला गेला, आणि त्याच क्षणी बाकावरचा आवाज थांबला.

"कोण..." काकांचा आवाज फार लांबून यावा तसा आला.

"काका, मी. बरे आहात ना?"

"डोळा लागला होता... कसलं घर होतं कुणास ठाऊक. सगळीकडे भिंती. दारच सापडेना..."

मी स्क्रीनकडे बघत होते. आतल्या खोलीतलं ते कुणीतरी निश्चल उभं होतं. पट्टी विझलेली.

"काका, उठून बसा. मी येते तिकडे. आत्ता येते. दार उघडून ठेवा."

"कशाला..." श्वास ऐकू येत होता. "ती बाहेर आहे गं. कंदिलाचा उजेड दिसत होता, फटीतून... तू उठवलंस."

"काका..."

"झोपू दे मला, पोरी. थोडा वेळ. सापडेल आता."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही, नुसता तो कुठेतरी खाली ठेवला गेला. मी हाका मारल्या. मग बाकाकडे वळले. आतल्या खोलीतला उजेड हलला होता. बद्द आवाज आला नाही. तो भिंतीच्या कडेकडेने सरकत होता, थांबत, चाचपत, आणि मग तो दारातून पुढच्या खोलीत आला.

काकांचं घर इथून लांब नाही. मी धावत गेले असते तर पोचले असते. पुन्हा फोनमध्ये ओरडून त्यांना उठवता आलं असतं. तुम्ही काय केलं असतं मला माहीत नाही. मी किल्ल्या हातात घेतल्या आणि उभी राहिले, आणि आजही कधी वाटतं जायला हवं होतं, कधी वाटतं नाही. तो उजेड माजघर ओलांडून अंगणाच्या दिशेने निघाला होता. फाटकाबाहेरची बाई पहिल्यांदाच हलली. दोन पावलं पुढे येऊन ती फाटकाला चिकटून उभी राहिली.

खालच्या पट्टीत डावं बटण पेटलं, आणि या वेळी ते सुटलं नाही. पेटलेलंच राहिलं, उजव्याची वाट बघत.